मामाजींचा डावा कान

मामाजींना आवाज टोचायचा. इतरांना आवाज मोठा वाटतो, फार तर नकोसा होतो. मामाजींना तो सुईसारखा लागायचा. स्टीलचा डबा ओट्यावर जरा जोरात टेकला गेला, तर ते वऱ्हांड्यात बसल्या बसल्या दचकायचे. रागवायचे नाहीत. नुसते डोळे मिटून घ्यायचे आणि थोड्या वेळानं उघडायचे. त्या न रागावण्याचीच मला जास्त भीती वाटायची. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी लग्न होऊन पांढरकवड्याच्या त्या घरात आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या आणि नवरा वणीला नोकरीवर, सुटीपुरता घरी. म्हणजे दिवसभर घरात मामाजी आणि मी. मी बांगड्या कोपराकडे सरकवून भांडी घासायची आणि एखादा चमचा निसटला की श्वास रोखून धरायची.

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या या माणसाचा एकच शौक होता, गाणं ऐकणं. बैठकीत एक जुना ॲम्प्लिफायर, खाली सीडी लावायचं यंत्र आणि दोन बाजूंना कमरेएवढ्या लाकडी पेट्या. या सगळ्याला मिळून ते ‘मशीन’ म्हणत. संध्याकाळी चहा झाला की खुर्ची पेट्यांच्या समोर मधोमध ओढायची, मांडीवर हात ठेवायचे आणि सारंगी नाहीतर बासरी लावायची. तेवढा वेळ आमच्या घरासमोरून हॉर्न वाजवत जाणारे ट्रकसुद्धा त्यांना ऐकू येत नसावेत, असा चेहरा व्हायचा.

मग आम्ही बैठक नव्यानं बांधली. चकचकीत टाइल्स, मोठ्या काचेच्या खिडक्या, गुळगुळीत पांढऱ्या भिंती. पहिल्याच दिवशी मामाजींनी मशीन लावली आणि अर्ध्या मिनिटात बंद केली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. टाळीच्या मागून बारीक झणझण ऐकू आली.

“ऐकलं का, सुषमा?” ते म्हणाले. “हे खोली ओरडून राह्यली. मशीनचा काही दोष नाही.”

“मग ते ट्रेबलचं बटण कमी करा ना, मामाजी,” मी भीत भीत म्हटलं. तोवर मला बटणांची नावं माहीत झाली होती; ट्रेबल म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजाचं.

“कमी करनं सोपं हाय वं. पण मंग सारंगी मेल्यावानी वाजते. आवाज काचेवरून परत येते अन् टोचते. त्याले बसाले जागा द्या लागते.”

मग आम्ही आवाजाला बसायला जागा देत सुटलो. जमिनीवर जाड सतरंजी आली. खिडक्यांना दुहेरी पडदे मी शिवले. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं. त्यात पुस्तकं कमी आणि गोधड्या जास्त होत्या. पेट्या थेट खुर्चीवर रोखलेल्या होत्या, त्या आम्ही जराशा बाहेरच्या बाजूला वळवल्या, की वरचा छोटा स्पीकर नेमका कानात शिरणार नाही. दर बदलानंतर मामाजी टाळी वाजवायचे आणि माझ्याकडे बघायचे. “आता?” मी सांगायची, कमी झालं, किंवा अजून आहे. माझ्या कानावर या घरात कोणी भरवसा ठेवतंय, हे मला नवीन होतं. एके दिवशी टाळीच्या मागे काहीच उरलं नाही. मामाजींनी बासरी लावली, आणि ती खोलीत आल्यासारखी वाटली.

ही गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली. मामाजी राळेगावला एका लग्नाला गेले होते. येताना एसटीत खिडकीशी बसून थंड वारा खात आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी बैठकीतून हाक मारली.

“ट्रेबल कोणं वाढवला?”

कोणीच वाढवला नव्हता. घरात दुसरं होतं कोण? मी जाऊन पाहिलं, बटण होतं तिथेच होतं. मामाजींनी ते पार खाली आणलं. तरी त्यांचं तोंड वाकडंच. “टिनावर खिळा घासून राह्यल्यावानी येते,” ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी उशीतून सरकी काढलेला कापूस आणला, छोट्या स्पीकरवर दाबून बसवला आणि वरून फडकं बांधलं. आता मला बासरी गोधडीतून आल्यासारखी ऐकू येत होती. आणि मामाजी डावा कान तळहातानं झाकून बसले होते.

“अजूनही टोचते,” ते म्हणाले. “हे अशी काहून करून राह्यली?”

“मामाजी,” मी म्हटलं, “मला तर आवाज दबलेला येतोय. फार दबलेला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस माझ्या कानावर विसंबलेला माणूस. मी खोटं बोलत नाही, हे त्यांना कळलं. मी मशीन बंद केली आणि चहा आणला. पहिल्या घोटाला चहा त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. त्यांना कळलंसुद्धा नाही. मी पुसायला वाकले तेव्हा दिसलं, की त्यांची उजवी पापणी मिटतेय आणि डावी अर्धवट उघडी राहतेय.

लकवा. माझ्या मनात तेवढा एकच शब्द होता. नवऱ्याचा फोन लागेना. मी चप्पल न घालता शेजारच्या राठोड सरांकडे धावले. सर शाळेत निघाले होते; त्यांनी काही न विचारता गाडी वळवली.

यवतमाळचा तो रस्ता मी आयुष्यभर विसरणार नाही. मागच्या सीटवर मामाजी आणि मी. गावाबाहेर पडेपर्यंत ट्रकच ट्रक, आणि प्रत्येक हॉर्नला मामाजी कोणी थोबाडीत मारल्यासारखे कळवळायचे. मी माझ्या पदराची घडी करून त्यांच्या कानावर धरली. त्यांनी माझं मनगट पकडलं. सासऱ्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

“सुषमा,” ते म्हणाले. शब्द ओठांतून निसटत होते. “मराले मी भेत नाही. पण जिता राह्यलो अन् सारं असंच ऐकू आलं, तं मी काय करू?”

“काही होत नाही, मामाजी,” मी म्हटलं. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. समोरच्या आरशात सरांचे डोळे दिसले. तेही घाबरले होते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मामाजींना दोन्ही हात वर करायला लावलं, चालायला लावलं, कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. आठ्या फक्त उजव्या बाजूला पडल्या. मी भिंतीला टेकले होते.

“हा मेंदूचा झटका नाही,” बाई म्हणाल्या. “चेहऱ्याची एका बाजूची नस सुजली आहे. कानात एक अगदी बारीक स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आवर घालतो. त्यालाही हीच नस चालवते. तो सध्या ढिला पडलाय, म्हणून काका, तुम्हाला सगळं कर्कश येतंय.”

“म्हणजे मशीन चांगली हाय?” मामाजींनी विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला आणि मी तिथेच रडायला लागले.

गोळ्या सुरू झाल्या. झोपताना डावा डोळा पट्टीनं मिटायचा, दिवसा त्यात थेंब घालायचे, आरशासमोर बसून गाल फुगवायचे. “बहुतेक बरं होईल” असं बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या ‘बहुतेक’नं घरात मुक्काम ठोकला. नवरा रजा घेऊन आला, आम्ही तिघं कुजबुजत बोलायचो. कुकर बंद, मिक्सर बंद. पाटा-वरवंटासुद्धा मी मागच्या अंगणात नेला. हळूहळू तोंड सरळ झालं, चहा ओघळायचा थांबला, पापणी मिटू लागली. पण मशीनला मामाजी हात लावेनात. खुर्चीसुद्धा त्यांनी पाठमोरी फिरवून ठेवली.

“लावून बघायचं का?” मी एका दुपारी विचारलं.

“नको. नाही लावली, तं कदाचित बरं झालं असंन, असं वाटते. लावली अन् तसंच आलं, तं मंग काही उरत नाही.”

माझीही तीच गत होती. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच खुर्ची फिरवली, स्पीकरवरचा कापूस काढला आणि मला समोर सतरंजीवर बसवलं. बटणापाशी बोटं नेऊन थांबले.

“तुले काय आवडते वं? मी कधी इचारलंच नाही.”

आमच्या आर्णीला माझे बाबा लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवायचे. पोलादी तारांचा, झणझणीत आवाज. या घरात ते नाव काढायची माझी हिंमत झाली नव्हती. “बेंजो,” मी म्हटलं, इतक्या हळू की त्यांनी पुन्हा विचारलं.

त्यांनी फोनवर शोधून, फोन मशीनला जोडून बेंजोच लावला. पहिली तार वाजली तसे त्यांचे खांदे आक्रसले. मी उठून बंद करायला धावले. त्यांनी हातानं थांबवलं. डोळे मिटून, मान डावीकडे कलती करून ते ऐकत राहिले. मग खांदे खाली आले.

“टोचते,” ते म्हणाले. “पण जेवढं टोचाले पाह्यजे तेवढंच.”

पुढचं वर्षभर आमच्या संध्याकाळी अशाच गेल्या, एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. मग ते नागपूरला नणंदेकडे काही दिवस राहायला गेले. गाडीत बसताना मला म्हणाले, “मशीन बंद नको ठेवजो. चालवत राहा.” तिथेच एका सकाळी त्यांना हृदयाचा झटका आला, आणि डॉक्टर येण्याआधीच सगळं संपलं होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, नवरा कामावर रुजू झाला. घर इतकं शांत झालं की मला माझ्याच पावलांची भीती वाटू लागली. त्या संध्याकाळी मी बैठकीत गेले. मशीन मी एकटीनं कधी सुरू केली नव्हती. आधी सारंगी लावायची ठरवली होती, पण ती ऐकवणार नाही असं वाटलं. बेंजोही ऐकवणार नाही असं वाटलं. मग सारंगीच लावली, आणि त्यांच्या खुर्चीत बसले.