जावेच्या नळीतलं खत

धाकट्या जावेचे टमाटे पाह्यले का माझ्या पोटात दुखे. आता लपवून काय करू? तेलंगणातल्या आमच्या बेल्याच्या बाजारात आमच्या टोपल्या बाजूबाजूले राहत, अन् गिऱ्हाईक आधी तिच्याच टोपलीत हात घाले. माझे का सडके होते? चांगलेच होते. पण तिचा टमाटा असा लाल अन् टणक, का एकदा हातात घेतला तर कोणी परत ठेवे ना.

वावर एकच, मधात बांधाचा धुरा. इकडचा अर्धा एकर आमचा, तिकडचा दिराचा. विहीर एक, रोपं बी एकाच वाफ्यातली, अन् ठिबकच्या नळ्या दोघींकडे एकाच वर्षी आल्या. खत पाण्यात इरघळवाचं, वेंचुरी नावाच्या तोटीनं नळीत ओढून घ्याचं, झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पोचते. मग फरक कुठं होता? कोणतं खत कवा द्याचं, तिथं. जाऊ उटनूरची, नोकरदाराची पोर, तेलुगू शाळेत शिकलेली. खताच्या पुडीवरचं सारं वाचे. मी मराठी शाळेतली; मले पुडीवर नुसत्या जिलेब्या दिसत.

इचारलं असतं तर तिनं सांगतलं असतं. पण इचारावं कसं? मी थोरली. खुरपं कसं धरावं हे तिले मीच शिकवलं होतं. आता तिच्यापुढं जाऊन ‘सांग वं माय’ म्हणू? मरून गेली तरी म्हणणार नाही, असं ठरवून बसली होती मी.

एक दिवस खताच्या दुकानात ती पुढं दिसली. मी ढेपीच्या पोत्यांमागं उभी राह्यली, ढेप पाहून राह्यली असं दाखवत. दुकानदारानं तिले दोन पुड्या देल्या, एक कॅल्शियमची, एक बावन-चौतीस नावाच्या खताची, अन् तेलुगूत म्हणाला, “रेंडू कलपो...” तेवढ्यात दारात कोणी मोटारसायकलले किक मारली. पुढचं गेलं फटफटीत. पण भाजी इकून इकून एवढी तेलुगू मलेही येते. रेंडू म्हणजे दोन्ही, कलपु म्हणजे मिसळ. सापडलं म्हटलं गुपित! ती गेल्यावर तेच दोन्ही घेतले.

सकाळी एकाच बादलीत दोन्ही कालवले. पाणी नासल्या दुधासारखं पांढरं अन् जाड झालं. मले वाटलं, हेच तर सत्त्व! देलं वेंचुरीले लावून.

दुसऱ्या दिवशी नळ्या कोरड्या. एकाही ड्रिपरातून थेंब पडे ना, सारे चुन्यासारख्या गाळानं बुजले होते. चैताचं ऊन, झाडं फळांनी वाकलेली, तोडणी चार दिवसांवर. दुपारपर्यंत पानं लोंबली. सारा हंगाम डोळ्यादेखत चालला होता, अन् मी धुऱ्यावर कपाळ धरून बसली होती.

जाऊ आली. बादलीच्या बुडाचा गाळ बोटावर घेऊन पाह्यला.

“बाई, दोन्ही एकत्र टाकले काय?”

“काऊन, तू नाही टाकत?”

“नाही वं. एक आज, तर दुसरं चार दिवसानं. दुकानवाला दरवेळी सांगते, रेंडू कलपोद्दु. दोन्ही मिसळू नका म्हणून.”

ओद्दु. म्हणजे नको. तेवढंच त्या मोटारसायकलनं खाल्लं होतं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती हसली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती हसली नाही. दुकानातून ॲसिड आणलं, मापानं पाण्यात घालून नळ्यांत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोकं सोडून सारा गाळ धुऊन काढला. तोवर दोन दिवस तिनं आपल्या पाळीचं पाणी मोकळ्या पाइपानं माझ्या झाडांच्या सऱ्यांत सोडलं. तिची सोताची पानं दुपारी मलूल झाली, तरी तिनं पाइप हलवला नाही. माझी झाडं वाचली.

मग गावाले गेलेले आमचे हे परत आले. बादली पाह्यली, नळ्या पाह्यल्या. “हे कोणाचं डोकं?” आवाज चढलाच. मी तोंड उघडणार, तर जाऊनं डोक्यावर पदर घेतला अन् यांच्यासमोर, आपल्या भासऱ्यासमोर, खाली पाहत म्हणाली, “मीच सांगतलं होतं बाईले मिसळाले. माझंच चुकलं.”

हे लगेच नरमले. “असू दे. चुकते माणूस. अन् पाणी देऊन झाडं तर तुनंच वाचवली.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टमाटे तिचे चांगले, पुडी वाचणं तिचं चांगलं, मन तिचं मोठं. एक चूक तेवढी माझी सोताची होती, तीही ही घेऊन चालली!

“खोटं बोलू नको वं!” मी ओरडली. “हिनं काही सांगतलं नाही. मी पोत्यांमागं लपून ऐकलं. मी मिसळलं. माझी चूक हाय ही, माझी!”

जावेच्या डोळ्यात पाणी आलं. त्या दिवसापासून घरात बोलतात, थोरली तोंडाची फटकळ, पण मनाची खरी. खरं काय ते मलेच ठाऊक. मी खरेपणानं बोलली नव्हती, जळून बोलली होती.