अक्का उभी होती ते दार

माझ्या साठीचा एक फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे. मी आणि बायको पाटावर, गळ्यात हार, भोवती माणसं आणि मागे स्वयंपाकघराचं दार, काळंकुट्ट. त्या दारात तेव्हा काळोख नव्हता. ट्यूबलाइट लागलेली होती आणि तिच्या उजेडात माझी थोरली बहीण, अक्का, उभी होती. हे आता लिहून ठेवलं पाहिजे.

आम्हा तंजावरकडच्यांत साठीला नवराबायकोचं पुन्हा लग्न लागतं. अक्का विधवा, ती आपणहून मागे राहिली. कॅमेरा माझा, बटण शेजाऱ्यांनी दाबलं आणि ती फोटोत आली. फोटो मुलीच्या सासरी पाठवायचा होता. कोणी काही म्हणालं नव्हतं. शुभकार्याच्या फोटोत विधवा कशी, असं कोणी म्हणेल, एवढ्या भीतीनेच मी कॉम्प्युटरपुढे बसलो. तिला फोटोतून पुसून टाकलं नाही. कॉन्ट्रास्ट वाढवला आणि शॅडोजचा स्लायडर डावीकडे नेत राहिलो. आधी तिची निळी साडी गेली, मग हात, शेवटी चेहरा. आमची तोंडं मात्र छान उजळली. मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

अक्काने तिची प्रत खिडकीशी नेऊन पाहिली. "मी दारातच होते ना रे? दिसत कशी नाही?" मग स्वतःच म्हणाली, "डोळेच गेले माझे. ठेव तुझ्याकडेच." मी ती प्रत घेऊन कपाटात ठेवली. त्यानंतर तिने पेपर वाचणं सोडलं, डोळ्यांना ताण नको म्हणून.

गेल्या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अड्यारच्या तिच्या घरून तिचा फोन आला. भिंतीवरच्या पालीचे डोळेसुद्धा दिसतात म्हणाली, आता तो साठीचा फोटो घेऊन ये.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कॉफी निवून जाते आणि मी स्लायडर उजवीकडे ओढत असतो. दार करडं होतं, त्यात दाणे उमटतात, अक्का उमटत नाही. उठतो, गॅलरीत जातो, परत येऊन तेच. एकदा तिच्या कानाची कड दिसल्यासारखी वाटली. मोठं करून पाहिलं तर फ्रिजची मूठ. बायको दारातून पाहत होती. म्हणाली, "अहो, जाऊन सांगून या एकदाचं."

काल गेलो. फोटो हातात दिला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अक्काने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काळ्या दारावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तेव्हा माझे डोळे ठीकच होते," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. फोटो परत घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो उशीखाली सरकवला. मला बस म्हणाली नाही.