उमेळ्याच्या ॲन्सेल्मभाऊंची कागदी किल्ली

स्टेशनचा पूल उतरून दोघं पूर्वेला आली तेव्हा क्लेमेंटीनच्या डाव्या चपलेचा अंगठा सैल झाला होता आणि ॲन्सेल्मभाऊंनी तेच वाक्य चौथ्यांदा काढलं होतं.

"मी तुला दोष देत नाही, क्लेमेंटीन."

"द्या हो, एकदाचा देऊन टाका. उमेळ्यापासून इथवर न देता देताय."

ॲन्सेल्मभाऊ हसले नाहीत. लॅपटॉपची कापडी पिशवी त्यांनी उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पिशवी तिच्या हातात द्यायला तयार नव्हता. आणि रिक्षा तर बोलायचीच सोय नव्हती. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस वाहनात बसायचं नाही, असा नेम त्यांनी नेमका याच वर्षी केला होता.

"तू जा रिक्षाने. मी मागून येतो."

"आणि जाऊन काय करू? तुमच्या सुधाकररावांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दारात उभी राहून सांगू, मीच ती, जिने यांची किल्ली जाळली?"

जाळली होती हे मात्र खरं.

झालं होतं असं. ॲन्सेल्मभाऊंच्या लॅपटॉपात दोनशे बारा गाणी होती. लग्नाच्या आदल्या रात्री गावातल्या बायका जमून म्हणायच्या ती, नवऱ्याकडच्यांची आणि नवरीकडच्यांची यथेच्छ टर उडवणारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ॲन्सेल्मभाऊंनी एक छोटं रेकॉर्डिंग यंत्र घेतलं आणि ते घरोघर फिरू लागले. लग्न केलेलं नाही, घरी वाट पाहणारं कुणी नाही. एकेका म्हातारीच्या स्वयंपाकघरात तीन-तीन तास बसायचे, खोबरं किसून द्यायचे, लसूण सोलून द्यायचे. तेव्हा कुठे म्हातारी एक कडवं म्हणायची, आणि लगेच म्हणायची, "बंद कर ते. पुढचं वंगाळ हाय."

पुढचं वंगाळ असायचंच. शिवाय त्यात नावं असायची. कुणाच्या सासऱ्याने आहेराचं लुगडं कुठून उसनं आणलं, कोणता नवरदेव चर्चमध्ये उभ्या उभ्या झोपला, सगळं नावानिशी. आणि त्यांची नातवंडं आज शेजारीच राहणारी. म्हणून त्या अकरा जणींनी अट घातली होती: आमच्यातली शेवटची डोळे मिटेपर्यंत हे कुणाला ऐकवायचं नाही. ॲन्सेल्मभाऊंनी छातीवर खुरिसाची, क्रुसाची, खूण करून शब्द दिला.

हा शब्द त्यांना जड नव्हता. तेहतीस वर्षं खांबावर चढून तारा जोडणारा माणूस. तपासणीचा फोन तारेला लावला की कुणाचंही बोलणं कानावर पडायचं. सोयरिकी मोडताना, जमिनी विकल्या जाताना, मुलगी पळून गेल्यावर आई-बाप भांडताना त्यांनी ऐकलं असणार. पण गावात आजवर कुणाला त्यांच्या तोंडून एक शब्द कळला नाही. शेजारची क्लेमेंटीन त्यांना यावरून छळायची, "पोटात एवढं साठवलंय म्हणून तुम्हाला गॅस होतो."

कॅनडातला भाचा फ्लॉईड तीन वर्षांपूर्वी सुट्टीला आला होता. त्याने सगळी गाणी कुलूपबंद करून दिली. "मामा, लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला ऐकता येणार नाही. पण लॅपटॉप बिघडला आणि डिस्क दुसऱ्यात घातली, तर हा नंबर लागणार. अठ्ठेचाळीस आकडे. हे हरवले तर तुम्हालाही उघडता येणार नाही, मलाही नाही." त्याने ते आकडे कागदावर छापले. दोन प्रती, दोन वेगळ्या घरी ठेवायच्या. मोबाईलमध्ये फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही. "तुझ्याकडे ठेव की एक," मामा म्हणाले. "मग तुमच्या शब्दाला काय अर्थ राहिला?" भाचा म्हणाला. भाचा मामावरच गेलेला.

एक प्रत पाकिटात घालून जुन्या खात्यातल्या मित्राकडे, सुधाकरकडे गेली. दुसरी ठेवायला ॲन्सेल्मभाऊंनी घरभर जागा शोधली. कपाटात झुरळं, ट्रंकेत कसर, बायबलात ठेवावी तर बायबल कुणीही वाचायला नेतं. शेवटी घरातल्या आल्तारावर, प्रार्थनेच्या वेदीवर, क्रुसामागे ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी होती, विणून क्रूस केलेली. तिच्या पोटात कागदाची सुरळी करून खोचली. आशीर्वादित वस्तू कोण केरात टाकणार?

केरात कुणीच टाकत नाही. पण गेल्या वर्षीच्या झावळ्या उपवासकाळाच्या आधी चर्चमध्ये परत द्यायच्या असतात, आणि त्या जाळून जी राख होते तीच राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला लागते. ॲन्सेल्मभाऊंना हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण झावळी परत द्यायचा त्यांना दरवर्षी कंटाळा, म्हणून तीन वर्षं ती किल्ली त्यांच्या आळसाने सांभाळली होती.

यंदा गावातल्या झावळ्या गोळा करायचं काम क्लेमेंटीनकडे होतं. शाळेतून निवृत्त झालेली बाई, काम दिलं की पुरं करणार. ॲन्सेल्मभाऊ आंघोळीला गेले होते. दार उघडंच होतं. आल्तारावर तीन वर्षांची काळवंडलेली झावळी बघून तिने मनात त्यांना दोन शब्द सुनावले आणि ती पिशवीत टाकली.

त्यातच जुना लॅपटॉप बिघडला. गुरुवारी दुकानदाराने नवा लॅपटॉप दिला, जुन्याची डिस्क आत घालून. नव्या लॅपटॉपने अठ्ठेचाळीस आकडे मागितले. ॲन्सेल्मभाऊ आल्तारापाशी गेले, आणि तिथून थेट क्लेमेंटीनच्या ओट्यावर.

"अगो बाय, झावळी?"

तिने स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं. राख कधीच धुतली गेली होती, पण दोघांनाही कळायचं ते कळलं.

आता रस्त्यात ॲन्सेल्मभाऊ म्हणाले, "हजारभर लोकांच्या कपाळावर माझी किल्ली घासली फादरनी. एकाचंही डोकं उघडलं नाही."

"हां, आता बरे झालात," क्लेमेंटीन म्हणाली. पण चेष्टेने गाणी परत येणार नव्हती. अकरातल्या दहा जणी गेल्या होत्या. कुणाकडे परत जाऊन गाणं मागायची सोय नव्हती. राहिली होती ती एकच, क्लेमेंटीनची सासू, एलिनाआजी. वय एक्याण्णव, आणि आता तिला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. सुधाकररावांकडचं पाकीट नसेल, तर ती गाणी डिस्कवर असूनही नसल्यासारखीच. क्लेमेंटीन पदराआड बोटांवर माळेचे मणी मोजत होती. ॲन्सेल्मभाऊंनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

"सुधाकर आधी आचोळ्याला राहायचा," ते थोड्या वेळाने म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी घर बदललं."

"आणि त्या सामानात पाकीट कुठे गेलं असेल? हे तुम्ही आता सांगता?"

"उमेळ्यातच सांगितलं असतं तर तू तिथूनच रडत आली असतीस."

एव्हरशाईन सिटीतल्या त्या इमारतीची लिफ्ट चालू होती, पण ॲन्सेल्मभाऊ तिच्यासमोर थबकले. "हे वाहनच झालं ना?" क्लेमेंटीनने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट आत शिरले.

दार सुधाकररावांनी उघडलं. सावंतवाडीकडचा माणूस, आवाज जिन्यापर्यंत. "अरे मेल्या, तू! फोन तरी करायचास! मनोरमा, बघ कोण आलंय!" पाकिटाचं विचारल्यावर मात्र त्यांचा चेहरा कोरा झाला. "कसलं पाकीट? तू मला पाकीट कधी दिलंस?"

ॲन्सेल्मभाऊ सोफ्यावर बसले ते पिशवी मांडीवर धरूनच.

मनोरमाताई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. क्लेमेंटीनने चहा सोडला होता चाळीस दिवस. ती "नको" म्हणाली तशा मनोरमाताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आमच्याकडचा चालत नाही का?"

"चालतो हो! माझा उपास आहे चहाचा. समोर ठेवू नका, एवढंच करा. वास आला तरी मोडेल."

"मग कोकम देते," असं म्हणून त्या वळल्या, आणि वळता वळता म्हणाल्या, "ॲन्सेल्मभावजी, पाकीट यांना नाही, मला दिलं होतं तुम्ही. म्हणालात, वहिनी, जिवापेक्षा जास्त जपा. यांच्या हातात दिलं असतं तर आचोळ्यालाच रद्दीत गेलं असतं."

त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या, पाटावरचे देव एकेक करून ताटात उतरवले, पाट उचलला. खालून पाकीट निघालं. पिवळं पडलेलं, आणि एका कोपऱ्याला मोठा तेलकट डाग. निरांजन कलंडलं होतं कधीतरी.

"तुमच्याकडेही देवापाशीच!" क्लेमेंटीन म्हणाली.

"मग आणखी कुठे ठेवणार?" मनोरमाताईंनी विचारलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

टेबलावर लॅपटॉप उघडला. आकड्यांचे आठ गट, प्रत्येकी सहा आकडे. क्लेमेंटीनने चष्मा लावला आणि वर्गात पाढे सांगावेत तशा सुरात एकेक आकडा सांगू लागली. ॲन्सेल्मभाऊ एका बोटाने टाकत होते. सुधाकरराव मागे उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत घाई करत होते. गट चुकला तर यंत्र तिथल्या तिथे अडायचं, हे एक बरं होतं. पाच गट सरळ गेले. सहावा तेलात बुडालेला.

"चार, शून्य, सात, एक, पाच... आणि पुढचा आठ."

यंत्र अडलं.

"पुन्हा बघ, क्लेमेंटीन."

"आठच दिसतोय मला."

ॲन्सेल्मभाऊंचं बोट कळफलकावर तसंच राहिलं. मनोरमाताईंनी कागद क्लेमेंटीनच्या हातातून घेतला, खिडकीच्या काचेला लावला. तेलामुळे कागद पारदर्शक झाला होता, उजेड आरपार येत होता.

"आठ कुठला? तीन आहे. डावीकडची रेघ ही तेलाच्या डागाची कड आहे. नीट बघा बाई."

तीन टाकला. यंत्राने घेतला. उरलेले दोन गटही सांगितले आणि टाकले, आणि पडद्यावर यादी उघडली. दोनशे बारा ओळी.

सुधाकरराव म्हणाले, "लाव की एखादं!"

"नाही," ॲन्सेल्मभाऊ म्हणाले. त्यांनी खिशातून इअरफोन काढले, दोन्ही कानांत घातले आणि एक गाणं लावलं. तिघंजण त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. आधी काहीच नाही. मग भुवया वर गेल्या. मग उजव्या पायाचा अंगठा टेबलाखाली ताल धरू लागला. मग ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचंच होतं असं क्लेमेंटीनला शेवटपर्यंत वाटलं नाही.

"काय म्हणतायत?" मनोरमाताईंना राहवेना.

"वंगाळ आहे, वहिनी."

कागदाची नवी प्रत करायची होती. सुधाकरराव म्हणाले, प्रिंटरवर काढू. ॲन्सेल्मभाऊ म्हणाले, नको, क्लेमेंटीनचं अक्षर बघ, तिच्यासारखा तीन कुणी काढत नाही. तिने मनोरमाताईंकडून दुरेघी वहीचं पान मागून घेतलं आणि आठ गट दोनदा तपासून उतरवले. ते करताना तिची नजर पडद्यावरच्या यादीवर गेली. चौऱ्याहत्तरावी ओळ: क्लेमेंटीनचं लग्न, सतरा मिनिटं. म्हणणाऱ्या बाईचं नाव समोर लिहिलेलं. एलिना.

सासूबाई. अडतीस वर्षांत जिने सुनेच्या एकाही कालवणाला बरं म्हटलं नव्हतं, ती सतरा मिनिटं.

"यात काय आहे?"

"शब्द दिलाय, बाय."

"माझ्याबद्दलचं आहे आणि मलाच ऐकवणार नाही?"

"शेवटची गेल्यावर ऐक. आता ऐकून उद्या सकाळी तिला पेज कशी देशील?"

तिने रागाने पान घडी करून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते परत तिच्याकडे सरकवलं.

"हे तुझ्याकडे राहू दे," ॲन्सेल्मभाऊ म्हणाले. "माझं काय, आज आहे, उद्या नाही. तिच्यानंतर तूच उघड, गावातल्या पोरींना बसवून ऐकव. ज्यांची नावं आहेत ते चिडतील, चिडू दे. फक्त एक मागतो, क्लेमेंटीन. चौऱ्याहत्तरावं पहिलं ऐकशील तू, मला माहीत आहे. ऐकल्यावर पुसून टाकावंसं वाटेल. पुसू नकोस. तुझी सासू एवढी हसलेली दुसरीकडे कुठेच नाही."