एचची आडवी रेघ

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. सांगायला बसलो की माझाच गोंधळ होतो. मी खोटं एकदाच बोललो, की रोज बोलत राहिलो?

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरच्या एका छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचो. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला एक मालवणी काका होते. इंग्रजी अक्षरांचा एक टाइप ते कुणाला हात लावू देत नसत. त्याचं परदेशी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला 'जाडबारीक' म्हणायचो. एचचे दोन खांब दणकट, पण त्यांना जोडणारी आडवी रेघ केसाएवढी. गुळगुळीत कागदावर हलक्या दाबानं छापला, तर साधं लेटरहेडही भारदस्त दिसे. काका म्हणायचे, "ह्यो लग्नातलो शालू. बाजारात जाताना नेसूचो नाय."

ते गावी गेले असताना मी तोच टाइप एका दुकानाच्या हँडबिलाला वापरला. झकास दिसेल, एवढाच विचार. कागद खरबरीत होता, अक्षर उठेना, म्हणून दाब वाढवला. हजारो प्रती निघेपर्यंत कितीतरी खिळ्यांच्या बारीक रेघा चेपून गेल्या; त्या आता कागदावर उमटतच नव्हत्या. नोकरी जाईल या भीतीनं मी ते खिळे पुसून चांगल्यांत मिसळून टाकले.

काका परतले आणि त्यांनी एका वकिलाचं लेटरहेड जुळवलं. मी काढून दिलेलं प्रूफ खिडकीशी धरलं. चष्मा पुसला, पुन्हा धरलं.

"रे, ह्या एचाची रेघ तुका दिसता?"

"दिसते ना, काका."

"मगे माका कशी दिसणा नाय?"

"वय झालं आता. चहा पिऊन या, मी चढवतो मशीनवर."

ते गेल्यावर मी प्रूफ फाडलं, चेपलेले एच काढून चांगले बसवले. छापलेल्या कागदावर रेघ स्वच्छ उमटली. ती बघून काका खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो कागदही खिडकीशी धरला.

"मघाशी नव्हती, आता आसा. डोळे फसवतत, की माझा डोक्या?"

त्यांनी नवा चष्मा केला. तरी प्रत्येक प्रूफ आधी मला दाखवायला लागले, अगदी निर्दोष असलं तरी. काही महिन्यांत मालक नको म्हणत असताना त्यांनी काम सोडलं. त्यांचे डोळे खरंच थकले असतील, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. थकले होते का? मला आजही माहीत नाही.

पुढे एकदा दिंडोशीला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. खिशात एक चेपलेला एच मुद्दाम नेला होता. काकांच्या मांडीवर वर्तमानपत्राची घडी होती. काकू म्हणाल्या, "स्वतः वाचीत नाय आता. 'चुकीचा वाचलंय तर?' म्हणतत."

काकांनी पेपर माझ्यापुढे केला. मी पहिलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं.

"तुझी नजर चांगली आसा रे," ते म्हणाले.

खिशातला खिळा मी मुठीत इतका घट्ट धरला होता की तळहातावर दोन खांब उमटले. वाक्य मी घरूनच जुळवून नेलं होतं, ते तसंच परत आणलं. काका, रेघ नव्हतीच. तुम्हाला बरोबर दिसत होतं.