माळावरची शिंगी

शिंगी पडली की आधी शिवी हासडायची आणि मग रक्त कुठून येतंय ते बघायची. कन्हेरीच्या माळावर सरावाच्या पहिल्याच दिवशी ती माझ्यादेखत उतारावरून सायकलसकट खडकावर तोंडघशी आदळली. मी किंचाळले. तिनं तुटलेला दात थुंकला, हँडल सरळ केलं आणि म्हणाली, "वरडू नको. खडकाला वाटंल, आमी भ्यालो."

तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती. कळपाबरोबर बिऱ्हाड वाहणाऱ्या घोडीला शिंगी म्हणतात. बारामतीच्या कॉलेजात तिला ते नाव पडलं आणि तिनं ते मिरवलं. डोंगरी सायकलच्या शर्यतीत आम्ही दोघी कॉलेजकडून उतरायचो. दगडधोंडे, चढ, झाडांची मुळं तुडवत फेऱ्या मारायच्या. मी बहुतेक वेळा शेवटून पहिली.

"मला चढ आवडत न्हाय, उतारबी आवडत न्हाय," ती म्हणायची. "म्होरं कुणी दिसलं की गाठायचं, यवढंच." गाठताना ती कोपर मारायची. नियमात बसेल इतकं, कधी त्याहून थोडं जास्त. मुली तिला टरकून असत.

एकदा कालव्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून दोघे आमच्या मागे लागले. मागच्यानं शिंगीचा टी-शर्ट ओढून तिला पाडलं आणि हसत खाली उतरला. ती गुडघ्यांवर उठली आणि हवा भरायचा पंप त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. तो खाली पडला तरी ती हाणतच होती. "बास, मरंल त्यो!" म्हणत मी तिला कमरेला धरून मागं ओढलं.

संध्याकाळी त्या पोराचे लोक तिच्या दारात येऊन शिव्या देऊन गेले. ते जाताच तिच्या मोठ्या भावानं कुऱ्हाड काढली आणि सायकलवर घाव घालू लागला. चाकं गेली. मग तो मधल्या दांड्यांकडे वळला, तशी ती आडवी पडली. घाव तिच्या डाव्या हातावर बसला. हाड दिसलं. तिचे वडील, आबा, ओट्यावर बसून होते. ते उठले नाहीत.

"आबा, तुमीबी?" एवढंच तिनं विचारलं. जखमेला ओढणी गुंडाळून ती एसटीनं निमगाव केतकीला आमच्या घरी आली. आईनं तिला दवाखान्यात नेलं. टाके घालताना तिनं आईचा पदर दातांत धरला, तो फाटला. पदवी होईपर्यंत ती आमच्याकडंच राहिली.

पुढं एका संघानं तिला पगारावर घेतलं. परदेशातून ती फोटो पाठवायची ते काळ्यानिळ्या बरगड्यांचे, हनुवटीच्या टाक्यांचे. पदकाचा फोटो मला मागून घ्यावा लागे.

पुण्याजवळ झालेल्या तिच्या अखेरच्या शर्यतीला मी उताराच्या तळाशी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. शेवटच्या फेरीत ती सर्वांत पुढे होती. वळणावर मागची मुलगी आतून घुसली, चाकं अडकली आणि शिंगी उजव्या खांद्यानं झाडाला धडकली. ऊस मोडावा तसा आवाज झाला. हात नुसता लोंबत होता. मी धावले.

"हात लावू नगंस! मदत घेतली तर बाद करत्याल!"

एका हातानं सायकल ढकलत, गुरासारखी हंबरत ती शेवटच्या रेषेपर्यंत गेली. तिसरी आली. रेषेपलीकडं ओकली आणि कोसळली.

खांद्यातल्या नसा तुटल्या होत्या. ब्रेक दाबण्याइतकी पकड आता येणं कठीण, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आबा दवाखान्यात आले. भाऊ खोलीच्या दारातच थांबला.

"घरी चल, पोरी," आबा म्हणाले.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. "तवा उठला असता, तर आले असते, आबा."

आबा तिच्या पायांवर हात ठेवून बराच वेळ बसले. बाहेर भावाचा हुंदका ऐकू आला. तिनं तोंड वळवलं नाही.

संघानं तिला डोंगरातल्या एका केंद्रावर नव्या मुली तयार करायचं काम दिलं. निघायच्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर तिनं उजवा हात माझ्यापुढं धरला.

"दाब. जोरात."

मी दाबला.

"लाजती काय? अजून."

मी सगळा जीव एकवटून दाबला. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाय. काय कळत न्हाय अजून."

गाडी लागली. डाव्या हातानं दांडा धरून ती चढली आणि खिडकीशी बसली. उजवा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला होता. तळव्यावर माझ्या नखांचे वण उमटले होते आणि एकातून रक्त येत होतं.