आत कोणी जायचं

बाबांना कंपनीत छातीत कळ आली आणि तिथूनच त्यांना ठाण्याच्या एका खाजगी इस्पितळात नेलं, तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागलेले. राहायला आम्ही डोंबिवलीला. भाऊ शाळेत, आईचे हातपाय गळालेले, म्हणून थोरल्या मुलीनं कारभार हातात घेतला. कोणी सोपवला नव्हता हं, मीच घेतला. मला कारभार करायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आयसीयूचा नियम कडक होता. सकाळी एकानं आत जायचं, संध्याकाळी एकानं. पास दाखवल्याशिवाय वॉचमन कोणाला सोडायचा नाही. सकाळी मी जायचे, कारण डॉक्टर तेव्हाच भेटायचे आणि त्यांचं अर्धं इंग्रजी बोलणं आईच्या डोक्यावरून गेलं असतं. संध्याकाळ आईची, असं मीच ठरवलेलं.

पहिल्याच संध्याकाळी आंबिवलीहून मामा आला, ड्यूटी बुडवून. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं? आईच म्हणाली, जाऊ दे त्याला, मी काय उद्या आहेच. दुसऱ्या दिवशी दिव्याहून आत्या आली. बाबांची सख्खी बहीण, तिला अडवलं असतं तर तिनं जन्मभर ऐकवलं असतं. मग वर्तकनगरचे मावशीचे यजमान. त्यांच्या घरून आमचा रोजचा डबा यायचा, त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जो येत नाही त्याला नावं ठेवतात. आणि आलेल्याला पेशंट न दाखवणं म्हणजे जेवायला बोलावून पान न वाढण्यासारखं. मी मेली सगळ्यांची भीड ठेवत बसले. एकट्या आईची भीड वाटायचं काही कारणच नव्हतं.

ती जिन्याजवळच्या बाकावर बसून असायची. आतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, रंग कसा वाटतो, डोळे उघडले का, पायावर पांघरूण होतं का, त्यांच्या पायांना फार थंडी वाजते. पांघरुणाकडे कोणीच बघितलेलं नसायचं. मामा नाकातल्या नळ्यांचं वर्णन करत बसला. आत्या तर रडतच बाहेर आली आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नवरा कोणाचा आणि समजूत कोण कोणाची घालतंय, ते बघून मला राग आला. पण तो मी गिळला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

आणखी एक कारण होतं. बाबांना त्रास होईल असं काही समोर नको, असं डॉक्टर म्हणालेले. आई आत जाऊन रडेल अशी मला धास्ती होती. त्यामुळे कोणी पाहुणा आला की आतून मला थोडं बरंही वाटायचं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

शेवटी मी आईला सांगितलं, आज कोणीही येवो, तू जायचंस. ती मावशीकडे जाऊन आंघोळ करून आली. इस्त्रीचं पातळ, नीट विंचरलेले केस. वेळेच्या आधीच पास घेऊन दाराशी उभी राहिली. तेवढ्यात गाडीतून बाबांचे साहेब उतरले. बाबांची रजा, पुढची हलकी ड्यूटी, सगळं त्यांच्या हातात. मी आईच्या हातातून पास काढून घेतला. हो, काढूनच घेतला, तिनं दिला नाही. ती पदर सावरून बाजूला झाली. साहेब आत गेले तसे बाहेर आले आणि मशिनं चांगली आहेत म्हणाले.

त्यानंतर बाबांना जनरल वॉर्डात हलवलं. तिथे पासाची भानगड नव्हती. आई पुढे, मी थर्मास घेऊन मागे. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळे येऊन गेले गं. साहेबसुद्धा आले. तूच नाही आलीस."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मला आत यायचा धीरच झाला नाही हो."

आणि त्यांच्या पायांवर पांघरूण ओढायला लागली.

बाबा बरे होऊन घरी आले. परत माणसांची रीघ लागली. आलेल्या प्रत्येकाला बाबा सांगायचे, मी मरायला टेकलो होतो आणि आमची ही बाहेर घाबरून बसलेली, आत पाऊल टाकलं नाही हिनं. हसत सांगायचे, पण "आत पाऊल टाकलं नाही" म्हणताना त्यांचा आवाज दर वेळी जरा उतरायचा. आत्या म्हणायची, वहिनी पहिल्यापासूनच भित्री. आईही हसायची.

एका रविवारी मला ते सहन होईना. स्वयंपाकघरात आईला म्हटलं, मी आज बाबांना खरं काय ते सांगते. तिनं गॅस बारीक केला.

"काही सांगू नकोस. माझ्यावर रुसले तर चार दिवसांनी बोलतात. तुझ्यावर रुसले तर मनात धरतील."

मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. हट्ट धरायला हवा होता, एरवी प्रत्येक गोष्टीत धरायचे तसा. पण तिनं मना केल्यावर मला सुटल्यासारखं झालं, हे खरं. बाहेर बाबांनी कोणाला तरी तीच गोष्ट सांगायला घेतली होती. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि सगळे हसले तेव्हा मीही हसले.