भेजा कोणाच्या ताटात

रेवदंड्याच्या शाळेत वाळू कोणी मुद्दाम आणत नाही. रोज झाडलं तरी संध्याकाळी ती बाकाखाली असतेच. आमच्या स्टाफरूममधल्या गोष्टींचंही तसंच आहे. मी त्या जमवत नाही, साठतात!

विलायतेत चार वर्षं मेंदूचं शास्त्र शिकून आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत पुस्तकं होती आणि डोक्यात देश घडवायचा होता. पुस्तकांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली. बाकीचं अजून तग धरून आहे, पण खरं सांगायचं तर दमलंय.

---

मुलाखतीला शाळा कमिटीचे चेअरमन अण्णा स्वतः बसले होते. नारळ-सुपारीचे व्यापारी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, पुरुषाच्या मेंदूपेक्षा बाईचा मेंदू वजनाला हलका असतो, हे खरं ना?"

मला वाटलं, वा! पहिल्याच दिवशी शास्त्रावर चर्चा! मी उत्साहाने सांगू लागले, की शरीर लहान तर मेंदूही थोडा लहान, त्यावरून अक्कल ठरत नाही. वजनावरच जायचं तर सगळ्यात जड मेंदू देवमाशाचा.

अण्णांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. "पण तो काय इतक्या पगारात येणार नाही. घ्या बाईंनाच!"

---

नववीत मुलगे बीजगणित-भूमिती घेत आणि मुली शिवण. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडतही नव्हता. त्या वर्षी यमुना पाटील नावाची मुलगी शिवणाच्या तासाला उठून सरळ बीजगणिताच्या वर्गात जाऊन बसली. आगऱ्याची पोर, घरी खाडीकाठची भातशेती. तिचा थोरला भाऊ नामा त्याच वर्गात होता. नववीतलं त्याचं तिसरं वर्ष.

गणिताचे लेले सर माझ्याकडे आले. "बाई, तिला समजवा. बीजगणिताने मुलींचं डोकं दुखतं."

"आणि मुलांचं?"

"त्यांचंही दुखतं. पण त्यांनी सोसायलाच हवं!"

शेवटी अण्णांनी निवाडा दिला, "सहामाहीला बीजगणितात पास झाली तर बसू दे. नाही झाली तर शिवण." यमुनाच्या बापाने त्यात आपली अट घातली, "शिवण घरीबी येतं. नापास झाली तर मार्गशीर्षात उजवून टाकतो." स्थळसुद्धा बघून ठेवलं होतं त्याने.

तेव्हापासून मी त्या पोरीकडे पाहिलं की माझंच डोकं दुखायला लागायचं.

---

लेले सर एकदा शिंप्याची टेप घेऊन आले. म्हणाले, "वाद नको. मोजूनच टाकू!" सगळ्या स्टाफची डोकी मोजली. माझं सगळ्यात मोठं निघालं! सरांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी शोध लावला, की टेप अंबाड्यावरून गेली होती.

पुन्हा मोजलं. आता सगळ्यात लहान डोकं हेडमास्तरांचं निघालं.

लेले सरांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "बाई म्हणतात त्यात तथ्य आहे. मापावर काही नसतं."

माझा विलायतेहून परत आल्यानंतरचा पहिला विजय!

---

म्हटलं, लोखंड गरम आहे. कासमभाई खाटकाकडून बकऱ्याचा एक आणि शेळीचा एक, असे दोन मेंदू मागवले. दोन बरण्यांत ठेवून कमिटीपुढे मांडले. "यातला नर कुठला, ओळखून दाखवा."

अण्णांनी क्षणभरसुद्धा वेळ लावला नाही. "हा डावीकडचा! कसा भरदार आहे बघा. आणि ही दुसरी... हिच्या वळ्यासुद्धा लाजऱ्या."

खरं-खोटं करायला मी कासमभाईंना बोलावलं. ते बिचारे ओशाळले. "बाई, माफी करा. आज बकरा कापलाच न्हाय. दोन्ही शेळ्याच हायत."

"पण मेंदूवरून कळत नाही का तुम्हाला?" लेले सरांनी विचारलं.

"मेंदूवरून कसं कळंल, मास्तर? ते खालून बघायचं असतं!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. बरणीवर बोट टेकवून म्हणाले, "मग ही शेळी बोकडाच्या वळणावर गेलेली असणार."

---

हेडमास्तर मनाने चांगले. मी फारच हिरमुसलेली दिसले, की ते धीर द्यायचे. एकदा म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारखा पुरुषी मेंदू प्रत्येकीला थोडाच असतो!"

इन्स्पेक्टरसाहेब आले त्या दिवशी मात्र मला स्टोव्हपाशी बसवलं. "चहा तुम्हीच करा. पुरुषाच्या हातचा त्यांना चालत नाही."

---

यमुनाच्या बापाला समजवायला एकदा रविवारी तिच्या घरी गेले. बाप नव्हता. आई ताटं वाढत होती. मटणाचा वार होता. नामाच्या ताटात परतलेला भेजा, यमुनाच्या ताटात नुसता रस्सा.

मी विचारलं. आई म्हणाली, "भेजा पोराचा असतो, बाय. डोकं चालतं त्यानं. पोरीच्या जातीला काय करायचाय?"

मी जेवण थांबवून व्याख्यान दिलं. पोटात गेलं की सगळं सारखंच होतं, भेजा खाऊन अक्कल येत नाही, वगैरे. यमुना मन लावून ऐकत होती. म्हणाली, "व्हय आये, बाई खरं बोलतान. न्हायतर मासं खाऊन आपुन पोहायला लागलो असतो."

आई म्हणाली, "मग? पोहतो न्हाय का?"

यावर विलायतेत काही शिकवलेलं नाही.

---

सहामाहीत बीजगणिताचा पेपर होता त्या सकाळी मी फाटकापाशी उभी होते. यमुना आली. मागे नामा. आणि त्यांच्या मागे, डोक्यावरचा पदर सावरत, त्यांची आई. हातात पितळी डबा.

"बाय, जरा इकडं या." तिने मला सुरूच्या झाडाखाली नेलं आणि डबा उघडला. कांद्यावर परतलेला भेजा, अजून वाफ येत होती.

"तीन वर्सं नामाला घातला," ती म्हणाली. "त्याचं काय झालं ते तुमाला ठावं हाय. आज हिला घालून बघतंय. बाप बाजारात गेलाय, त्याला ठावं न्हाय."

नामा दुसरीकडे बघत सुकी भाकरी चावत होता. यमुना डब्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला माझं ते व्याख्यान पाठ होतं. खिडकीत लेले सर पेपरांचा गठ्ठा धरून आमच्याकडे कान लावून उभे.

घंटा व्हायला थोडाच वेळ होता. आईने घास पोरीच्या तोंडापाशी नेला आणि मधेच थांबली.

"गुण येल ना, बाय? तुमी शिकलेल्या. तुमी सांगा."

मी म्हटलं, "येईल. वर थोडं लिंबू पिळा."